पितळी तोफ

फटाक्यांच्या दारूचा वास आला की गुडीहत्नूरचं आमचं अंगण आठवतं. मी शाळेत इतिहास शिकवते आणि तेव्हा मातीचे बोटभर सैनिक मांडून जुन्या लढाया खेळायचा मला नाद होता. त्या दिवशी कारागिराकडून ओतून आणलेली वीतभर पितळी तोफ मी लाकडी पाटावर ठेवून मातीच्या किल्ल्यावर रोखली, फटाक्याची दारू ठासली आणि वात पेटवली. वात आत गेली, पण बार उडाला नाही. मी वाकून पाहणार, तोच बाबा ओरडले, "हात नोको लावू! मांगं सर!" बेल्लमपल्लीच्या कोळसा खाणीत ते सुरुंग लावायचे. "विझली ना बाबा ते," मी म्हटलं. "आतून जळून राह्यली असंल. थांब." त्यांनी मनगट धरून मला मागे ओढलं. आम्ही भिंतीशी उभे राहिलो. बराच वेळ काहीच झालं नाही. मग एकदम धडाका झाला, तोफच फुटली आणि पितळेचा तुकडा मी वाकणार होते तिथंच पाटात रुतला. "माहा जोडीदार थांबला नव्हता," बाबा हळूच म्हणाले. खाणीबद्दल ते तेवढंच बोलले. आजही तोफांचा धडा आला की मी आधी तोफेमागं उभ्या राहणाऱ्या माणसांबद्दल सांगते.