फुफाजींच्या कॅसेटवरची माझी गाणी

हे मी आजवर कुणाजवळ बोलले नाही. नवऱ्याजवळही नाही. तुम्हाला सांगायलाही कालपासून दोनदा बसले आणि उठले.

सुरुवात गाण्यांपासून झाली. घरोघरी केबल टीव्ही नुकताच आला होता आणि त्यावर ती वेडगळ पॉप गाणी लागायची – चंदेरी जॅकेटवाला गायक फ्रिजमधून बाहेर पडायचा, म्हशीवर बसून गल्ली फिरायचा, मागे मिशाळ पहिलवान घागरे घालून नाचायचे. मी बारा वर्षांची. सुट्टीत इंदूरहून महूला आत्याकडे जायची, कारण व्हीसीआर तिच्याकडे होता. आजही ऑफिसात कुणी मोबाईलवर तसलं गाणं लावलं की सगळे खूश होतात. मीही हसते. आणि पाणी आणायच्या निमित्ताने उठते.

आत्याचे यजमान, आमचे फुफाजी, फौजेत होते. त्यांच्या लग्नाच्या कॅसेटची कडेची प्लास्टिकची पट्टी त्यांनी एकट्या माझ्यासमोर पेचकसाने तोडली होती. "आता यावर कुणी दुसरं काही भरू शकत नाही बेटा, पक्का बंदोबस्त," म्हणाले. त्याच हिवाळ्यात जीप उलटून ते गेले.

पुढच्या उन्हाळ्यात मला माझी गाणी भरून ठेवायची होती. कोरी कॅसेट नव्हती. शेजारच्या ताईने सांगितलं होतं की त्या तुटलेल्या जागी सेलोटेप लावला की चालतं. चुकून झालं म्हणू? चुकून कुणी कात्रीने सेलोटेप कापतं का? दुपारी आत्या झोपलेली असताना मी तो लावला आणि गाणी भरली. मला वाटलं, कॅसेटच्या शेवटी नुसती पंगत आहे – नाही, खोटं कशाला बोलू? पंगतीत फुफाजी उखाणा घेतात, हे मला ठाऊक होतं. बाकी कॅसेटभर बँड वाजतो. त्यांचा आवाज तेवढाच होता.

आठ दिवसांनी आत्याने कॅसेट लावली. उखाण्याच्या जागी म्हैस आली. तिने माझ्याकडे पाहिलं, आणि ती काही विचारायच्या आत मीच बोलले, "आत्या, त्या दिवशी धूळ पुसताना तूच रेकॉर्डचं लाल बटण दाबलंस ना? मी पाहिलं."

तिने विश्वास ठेवला.

तेव्हापासून आत्या मशीनला हात लावत नाही. मिक्सर नाही, रिमोट नाही, फोनसुद्धा दुसऱ्याने लावून द्यावा लागतो. घरात सगळे तिची थट्टा करतात. मीही केली आहे.

गेल्या महिन्यात तिने ती कॅसेट पेनड्राइव्हवर घ्यायला माझ्याकडे दिली. इंदूरला तुकोगंजात माझ्या ऑफिसजवळ तसं करून देणारं दुकान आहे. दुकानदार कॅसेट उलटून म्हणाला, "दीदी, यहाँ टेप चिपका है. किसी ने जानबूझकर भरा है इसपे." मी म्हटलं, "पता नहीं भिया." तो आत वळल्यावर नखाने टेप खरवडून काढला आणि पर्समध्ये टाकला. मी आता चाळिशी ओलांडली आहे.

रविवारी आत्याला ते दाखवलं. बँड झाला, पंगत बसली, फुफाजींनी तोंड उघडलं – आणि चंदेरी जॅकेट. मला तिच्याकडे बघवेना.

"जाऊ दे गं," ती म्हणाली. "माझ्या हातून त्यांचा आवाज गेला. तुझी गाणी तरी राहिली."

मी रिमोट तिच्यापुढे धरला. तिने दोन्ही हात पदराखाली घेतले. मग मीच बंद केलं.