ट्राउटची मोहीम आणि मोटारीतली चौथी जागा

एखादी गोष्ट झटपट उरकली तर तिचा एकच किस्सा होतो. आम्ही नीलगिरीच्या ओढ्यांवर ट्राउट मासे धरायला जायचं ठरवलं आणि पुढची सहा वर्षं ठरवतच राहिलो, म्हणून माझ्याकडे इतके साठले.

आम्ही म्हणजे चौघे. बंगळूरच्या चिकपेटातल्या रेशीम-जरीच्या दुकानाचे मालक अण्णा. सर्वे ऑफिसात नकाशे काढणारे माधवराव. बसवनगुडीतले दातांचे डॉक्टर मूर्ती. ते कानडी, पण आमच्यात बसून बसून मराठी बोलायला लागलेले. आणि मी, शंकर. आठवीत शाळा सुटली तेव्हापासून अण्णांच्या दुकानात दागिने रेशमात ओवायचं काम करतो. रविवारी सकाळी दुकानाचं दार अर्धं ओढून बैठक बसायची. तिघे बोलायचे, मी ऐकायचो.

मोटार डॉक्टरांची होती. तिच्यात चार जागा. तीन कुणाच्या ते उघडच होतं. चौथीबद्दल कुणी बोलत नसे आणि मला विचारायचा धीर होत नसे.

*

सुरुवात एका म्हाताऱ्या इंग्रज साहेबामुळे झाली. ते एक छोटी डबी घेऊन दुकानात आले आणि तिच्यातल्या वस्तूच्या रंगाचं रेशीम मागू लागले. अण्णांनी डबीत डोकावून मला सांगितलं, "कानातलं दिसतंय. जोडी आहे का बघ."

ते कानातलं नव्हतं. बारीक गळावर पीस आणि रेशीम गुंडाळून केलेली खोटी माशी होती. ती पाण्यावर टाकायची, ट्राउटला खरी वाटते, तो वर येऊन तोंडात धरतो. साहेबांनी एक जुनी माशी उलगडून कशी बांधायची ते दाखवलं.

मी दोन दिवस बसून तशी एक बांधली. पोटाला जरीचे पाच वेढे, मानेशी लाल रेशमाचा बारीक गोंडा. साहेबांनी ती उजेडात धरून बराच वेळ पाहिली.

"फार सुंदर," ते म्हणाले. "मासा हिच्याशी लग्न करील. खाणार नाही."

मग त्यांनी मला ओबडधोबड बांधायला शिकवलं. दुकानात नीट गाठ बांधायला शिकताना मला एक वर्ष लागलं होतं. वाईट बांधायला शिकताना त्याहून जास्त त्रास झाला.

*

साहेब विलायतेला परत गेले, जाताना आपली मासे धरायची वेताची काठी अण्णांना देऊन गेले. अण्णांनी त्याच रविवारी जाहीर केलं, "या वर्षी जायचंच."

पण नकाशाशिवाय जायचं कसं? माधवरावांनी ते काम अंगावर घेतलं. ऑफिस सुटल्यावर घरी बसून काढायचे. दर रविवारी आम्हाला एकेक ओढा बघायला मिळे. पाणी निळ्या शाईने, डोंगराच्या रेघा तपकिरी, दऱ्यांतल्या दाट शोला जंगलातलं झाडन्‌झाड हिरव्या ठिपक्यांनी. आठ महिन्यांनी नकाशा पुरा झाला तेव्हा मासे धरायचा हंगाम संपला होता.

डॉक्टरांनी चष्मा लावून तो वरपासून खालपर्यंत पाहिला. "माधवराव, फर्स्ट क्लास. पण मोटार कुठून न्यायची? रस्ता कुठाय?"

माधवराव जरा दुखावले. "रस्ता शेवटी घालतात, डॉक्टर."

*

दुसऱ्या वर्षी सराव सुरू झाला, तो अण्णांच्या घराच्या गच्चीवर. ही काठी मागे झटकून मग दोरी पुढे सोडायची असते. पुढे अण्णांची पाण्याची टाकी होती, तिला मासा समजायचं. मागे काय आहे ते कुणी बघितलं नव्हतं.

मागे शेजारच्या पद्माक्कांची गच्ची होती. अण्णांनी पहिलाच झटका दिला आणि दोरी जड लागली. जोर करून ओढली तर कठड्यावरून एक हिरवं पातळ तरंगत आमच्याकडे आलं. पाठोपाठ पद्माक्का कठड्याशी आल्या. कपाळावरचा घाम पुसत त्यांनी शांतपणे विचारलं, "एकच मिळालं का, अण्णा? स्वल्प थांबा, अजून तीन वाळत घालायची आहेत."

*

डॉक्टर कडक शाकाहारी. त्यांच्या घरात कांदासुद्धा चोरून यायचा. एका रविवारी माधवरावांनी त्यांना धरलं.

"मासा लागला तर तुम्ही करणार काय त्याचं? खाणार तर नाही."

"खाणार नाही."

"विकणार?"

"छे."

"मग?"

डॉक्टर जरा लाजले. "ट्राउटला जिभेवरसुद्धा दात असतात म्हणे. एकदा बघीन आणि सोडून देईन."

*

मासे धरायच्या लायसन्सचा फॉर्म इंग्रजीत होता. त्यात एक रकाना होता, पूर्वीचा अनुभव. माधवरावांनी खरं ते लिहिलं, काही नाही. डॉक्टरांनी रकाना रिकामा सोडला. अण्णांनी मात्र ठासून लिहिलं, "रेशीम आणि जरी, तीन पिढ्या."

तिघांनाही लायसन्स आलं. माझं नाव कुणी मुद्दाम गाळलं नव्हतं. मी फॉर्म मागितलाच नव्हता. रात्रंदिवस डोक्यात एकच होतं, की आपण बांधलेली माशी ट्राउट तोंडात धरतो ते एकदा डोळ्यांनी बघायचं. पण हे तोंडाने सांगायचं म्हणजे फार होतं.

*

सहाव्या वर्षी तारीख ठरली आणि सामानाची यादी सुरू झाली. स्टोव्ह, तांदूळ, चटणीपूड. डॉक्टरांच्या आईने चकलीचे दोन डबे दिले. त्यांना मुलगा चहाचे मळे बघायला चालला आहे एवढंच माहीत होतं. हे सगळं डिकीत मावलं. मी मनात मोजत होतो. चौथी जागा अजून मोकळी होती.

मग माधवराव नकाशा घेऊन आले. तो पत्र्याच्या लांब नळीत घातलेला होता. नळी डिकीत मावेना, पायाशी मावेना. शेवटी पुढच्या काचेपासून मागच्या काचेपर्यंत तिरकी बसली, ती बरोबर चौथ्या जागेवरून.

मी सगळा धीर गोळा केला. सहा वर्षांतलं बैठकीतलं माझं पहिलं वाक्य. "नकाशा दुमडला तर?"

तिघेही माझ्याकडे बघायला लागले. माधवराव मायेने म्हणाले, "शंकर, सर्वेचे नकाशे दुमडत नाहीत रे."

सोमवारी सकाळी ते निघाले. मी चाळीस माश्यांची डबी खिडकीतून आत दिली. अण्णा म्हणाले, "दुकान सांभाळ." मी मान हलवून म्हटलं, "सरी, अण्णा." मोटार वळेपर्यंत नळीचं टोक मागच्या काचेत दिसत होतं.

*

चौथ्या दिवशी दुकानात तार आली. अण्णांच्या पत्नी, आमच्या अक्का, तेव्हा तिथेच होत्या. तार म्हटल्यावर त्या न वाचताच रडायला लागल्या. मी कशीबशी अक्षरं लावून वाचली. गाठ सुटते, शंकरला पाठवा, एवढंच होतं.

अक्कांनी डोळे पुसले आणि मग त्या चिडल्या. "तिघं मिळून एक गाठ येत नाही? नकाशे काढतात म्हणे!" त्या स्वतः गल्ल्यावर बसल्या आणि मला म्हणाल्या, "जा बाबा. बांधून ये."

खरंच होतं ते. सहा वर्षं दोरीला माशी मीच बांधून द्यायचो. माझ्या हातची गाठ घातलेले हार बायका वीस-वीस वर्षं गळ्यात घालतात. म्हैसूरपर्यंत आणि पुढे उटीच्या घाटातही मी बसमध्ये ताठ बसून होतो. मागायला लागलं नाही, बोलावणं आलं होतं.

उटीहून पुढे लॉरीने आणि मग पायी गेलो. ओढा अगदी लहान, उडी मारली तर पलीकडे. काठावरच्या एका लांबट दगडावर तिघे ओळीने बसले होते. साहेबांची काठी गवतावर पडलेली. डबीत चाळीसातल्या अकरा माश्या उरल्या होत्या.

"मासे येतात," डॉक्टर म्हणाले. "धरतात. आणि घेऊन जातात."

"तीन दिवस," माधवराव म्हणाले.

मी खाली बसलो आणि दोरीला माशी बांधली, आमच्या धंद्यातली सगळ्यात पक्की गाठ. तिघे वाकून बघत होते. अण्णांनी आपलं लायसन्स माझ्या खिशात घातलं आणि काठी माझ्या हातात दिली. "आधी तू टाक."

मी टाकली. माशी पाण्यावर बसली, वळणावरून हळू खाली आली. एका दगडाच्या सावलीतून ट्राउट वर आला. अंगावरचे ठिपकेसुद्धा दिसले मला. त्याने माझी माशी तोंडात धरली. काठी वाकली.

मग ती सरळ झाली. मी दोरी ओढून घेतली. टोकाला ना मासा होता, ना माशी, ना माझी गाठ.

मग अण्णा दगडावर थोडे सरकले, माधवरावांनाही सरकवलं आणि मोकळ्या झालेल्या जागेवर हात थोपटून म्हणाले, "ये, बस."