"आत येऊ का, सर?"

गेल्या मंगळवारी संग्रामपूरकडच्या एका शाळेत गेले होते. शाळांमध्ये धोक्याचं बटण सक्तीचं झाल्यापासून मला असे फोन बरेच येतात... "ताई, काम झालं, एकदा पाहून जा."

भाषणं देत गावोगाव फिरते, म्हणून लोक ओळखतात. त्या निमित्ताने नियम समजावून सांगते, बटण कुठे बसवलंय ते बघते. या शाळेच्या तर सुरक्षा समितीवरच आहे. 'सर्व काही नियमानुसार' या अहवालावर माझी सही हवी होती.

मुख्याध्यापक वानखडे सर शिस्तीचे. आवारात कागदाचा कपटा दिसायचा नाही. बटण त्यांनी आपल्याच केबिनमध्ये, खुर्चीमागच्या भिंतीवर बसवून घेतलं होतं. वर झेंडूचा हार, खाली कुंकवाचं स्वस्तिक... नारळही फुटलेला.

"सर, आत का बसवलं?"

"बाहेर ठेवलं तं पोट्टे दिवसभर वाजवतीन ना, ताई. इथं माही नजर राह्यते."

मला ते पटलंही. काम चोख होतं. बटण दाबलं की छतावरचा सायरन वाजणार, पोलीस पाटलांच्या मोबाईलवर मेसेज जाणार. मी पेन उघडलं... फक्त म्हटलं, सही करण्याआधी एकदा रंगीत तालीम होऊ द्या.

सरांनी आठवीतल्या पायलला बोलावलं. कबड्डीच्या टीममधली, चपळ पोरगी. तिला सांगितलं, मैदानाच्या टोकाला मुलींचं बाथरूम आहे ना, तिथून पळत ये. मागे कुणी लागलंय असं समज आणि बटण दाब.

पायल सुटली. मैदान पार केलं, पायऱ्या दोन-दोन करत चढली... आणि केबिनच्या उंबऱ्याबाहेर थबकली. चपला काढल्या. छाती धपापत होती, तशातच म्हणाली, "आत येऊ का, सर?"

नेमका तेव्हाच सरांना कुणाचा तरी फोन आला होता. त्यांनी मोबाईल कानाला लावूनच तिला हात दाखवला... थांब.

आणि पोरगी थांबली.

तालीम आहे हे दोघांनाही माहीत होतं. तरी सवयीने त्यांचा हात वर गेला, सवयीने हिचे पाय थांबले. मी आत उभी राहून नुसती बघत होते...

बटण बसवणारे जळगाव जामोदचे गजूभाऊ कोपऱ्यात स्टुलावर बसले होते. तेच पहिले बोलले, "घ्या! आता गुंडा बी हिच्या मांगं लाइनीत उभा राहीन." पण हसलं कुणी नाही.

मी पायलला विचारलं, "का गं थांबलीस?"

"सरनं हात दाखवला नं. अन् बिना इचारता आत गेलं तं..." ती अजूनही उंबऱ्याच्या बाहेरच होती!

'मुलींनो, निर्भय व्हा' असं मी व्यासपीठांवरून घसा फोडून सांगत आले. आणि पहिलीपासून आपण त्यांना शिकवतो काय? पाणी प्यायचं तर विचार, उठायचं तर विचार, दारात आलीस तर थांब... जिला रोज थांबायलाच शिकवलं, तिने नेमक्या त्या एका दिवशी न विचारता आत घुसावं, असं आपण कोणत्या तोंडाने म्हणतो? बटण बसलं की कायद्याचं समाधान होतं. पोरीचं काय?

हे सगळं जिभेवर आलं होतं. तिथेच भाषण झालं असतं... पण सर आधी बोलले. फोन त्यांनी केव्हाच ठेवला होता.

"ताई, आज मी हाये. उद्या या खुर्चीवर कोण बसन, काय सांगता येते? पोरीले त्याच्यापासूनच पळा लागलं तं?"

मग गजूभाऊंकडे वळले. "काढा ते. बाहेर लावा, व्हरांड्यात, बाथरूमच्या वाटेवर."

"सर, पूजा झाली नं त्याची..."

"मंग हारासकट काढा."

"पोट्टे वाजवतीन बरं का!"

"वाजवू द्या. आपण धावून पाहू."

दुपार वायर ओढण्यात गेली. मग पायल पुन्हा पळाली. बटणासमोर आली, हात वर केला... आणि मान वळवून सरांकडे पाहिलं.

सर वळले आणि तिच्याकडे पाठ करून, सातपुड्याकडे तोंड करून उभे राहिले. विचारायला तिच्यासमोर कुणी उरलंच नाही.

आणि सायरन वाजला! सगळी शाळा व्हरांड्यात. शेजारच्या वावरात दोन बाया सोयाबीन सोंगत होत्या, त्या फाटकातून धावतच आत आल्या... हातात विळे तसेच. "काय झालं व पोरी? कुठी हाये तो मुडदा?" पायल त्यांच्याकडे बघत राहिली, मग हसता हसता रडायला लागली. एकीने विळा खाली टाकून तिला जवळ घेतलं.

सही मी त्यानंतर केली.

परत निघताना फाटकावरच्या पाटीकडे लक्ष गेलं... 'परवानगीशिवाय आत प्रवेश नाही'. त्या दोघी मायमाउल्या या पाटीपाशी क्षणभरही थांबल्या नव्हत्या. त्यांची नावं विचारायची राहून गेली, म्हणून इथूनच हात जोडते.