चाळीस वह्या आणि माझं तीन पानी पत्र

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण मी माझ्या बापाला स्वतःच्या हातानं, उत्तम इंग्रजीत, भिकेला लावलं होतं!

इंदूरच्या कापडगिरण्या एकेक करून बंद पडत होत्या, तेव्हाची गोष्ट. बाबा कामाला होते ती गिरणीही गेली. त्यांनी घराच्या पुढच्या खोलीत वह्या बांधायचं दुकान टाकलं. मदत मात्र कोणाची घेतली नाही. महूहून काका गव्हाचं पोतं घेऊन आले, तर त्यांना पोहे-चहा खिलवून पोत्यासकट परत पाठवलं. असा ताठ माणूस!

मी तेव्हा बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. जग बदलायचं होतं, तेही परीक्षेच्या आधी! वर्गात केनियाचा एक मुलगा होता. त्याच्या गावी एक संस्था अनाथ मुलांची शाळा चालवायची. तिथं वह्यांची फार ओढाताण होते, म्हणाला. मी तडक घरी.

"बाबा, आपण वह्या पाठवू या ना!"

"पाठवू की. पोरं किती?"

"चाळीस."

बस्स. बाबांनी चाळीस वह्या शिवल्या, दुहेरी दोऱ्यानं. "पोरं दप्तरात कोंबतात गं. शिलाई एकदम पक्की पाहिजे."

सोबतचं पत्र माझ्याकडे. पहिलंच वाक्य लिहिलं : या वह्या आमच्याकडून मुलांना भेट. बाबांना अर्थ सांगितला.

"काट ते."

"का पण?"

"दिलं म्हणून सांगायचं नसतं. पोरांना अवघड वाटेल. वह्या दिसतीलच ना त्यांना!"

काटलं. पण कोरा कागद मला बघवतो का? मग मी गिरण्या लिहिल्या. थंड धुराडी लिहिली, उदारीकरण लिहिलं, भोंगा वाजत नसूनही पहाटे उठून बसणारे बाबा लिहिले. तीन पानं! लिहिताना मीच दोनदा रडले.

काही महिन्यांनी केनियाहून पार्सल आलं. आत चहाची पुडी, हातानं विणलेला मोठा स्वेटर आणि शाळेच्या बाईंचं पत्र. मी ऐटीत बाबांना अर्थ सांगू लागले.

"'तुमच्या गिरणीबद्दल ऐकून मुलं फार हळहळली. तुम्ही विकायला पाठवलेल्या सगळ्या वह्या आम्ही शाळेच्या जत्रेत विकल्या. त्यातून तुमच्या वडिलांसाठी...'"

पुढची ओळ मी आधी मनातच वाचली.

"रुकली कशाला? पुढे?"

"'...स्वेटर घेतला. त्यांना सांगा, धीर सोडू नका.'"

खाली चाळीस सह्या. आई-बाप नसलेल्या पोरांच्या! काकांचा गहू न घेणाऱ्या माणसाला मी त्या पोरांच्या दारात उभं केलं होतं.

बाबांनी स्वेटर मांडीवर घेतला. लोकरीवरून हात फिरवला, वीण ओढून पाहिली. आता हाही परत जाणार, मी मनात म्हटलं.

"सगळ्या विकल्या? चाळीसच्या चाळीस?"

"हो."

"इथं तर महिन्याला चाळीस जात नाहीत!" आणि भर मे महिन्यात स्वेटर अंगात चढवून ते समोरच्या पानवाल्याला ओरडले, "ओ भिया! अपना माल फॉरेन में बिक गया!"

मग घाम पुसत पुन्हा चाळीस वह्या शिवायला बसले.

"या वेळी पत्र मी लिहीन," म्हणाले.

"पण सांगायचं नसतं ना?"

"नसतं. पण तुझं इंग्रजी मी हिशेबात धरलं नव्हतं."

गिरणीत साहेबाशी बोलून शिकलेल्या इंग्रजीत त्यांनी तीन ओळी लिहिल्या : बुक फॉर चाइल्ड. नो सेल. स्वेटर गुड.

उत्तर मुलांनीच लिहिलं. वह्यांत गणितं सुरू झाली होती, एकीची तर अर्धी वही भरलीसुद्धा. बाबा ऐकत होते आणि डोळे पुसत होते. मीही पुसणारच होते, तेवढ्यात शेवटची ओळ आली. एका मुलीनं मोठ्या काळजीनं विचारलं होतं :

"ते लांबलचक पत्र लिहिणारी तुमची मुलगी आता बरी आहे ना?"