ड्रॉइंग ऑफिसातली आत्या

माझ्या आत्याला घरात सगळे 'फूटपट्टी' म्हणायचे. भिंतीवरचं कॅलेंडर जरासं कललेलं दिसलं की तिला घास गोड लागायचा नाही. आजोबांना वाटायचं, तिनं शिक्षिका व्हावं. हिच्या नजरेतून काना-मात्रा सुटायचा नाही. पण आत्या ड्राफ्ट्समनच्या कोर्सला जायचं म्हणून हटून बसली. बघायला आलेल्या पाहुण्यांनाही तिनं तेच सांगितलं. पाहुणे पुन्हा फिरकले नाहीत आणि आत्यानं सुटकेचा निःश्वास टाकला.

कोर्स संपल्यावर ती पंपांच्या कारखान्यात लागली. ड्रॉइंग ऑफिस वरच्या मजल्यावर होतं. उतरते बोर्ड, उंच स्टुलं, शाईचा वास. पारदर्शक कागदावर शाईनं रेघ ओढायची आणि चुकली तर ब्लेडनं हलकेच खरवडून काढायची, कागद न फाडता. सुरुवातीला तिनं इतके कागद फाडले, की शेजारच्या बोर्डवरचे काका म्हणाले, इथं माणसं पंप बनवतात, चाळण्या नाही. पुढं त्याच काकांनी तिला ब्लेड कसं आडवं धरायचं ते शिकवलं. दुपारी सगळे डबे एकत्र उघडले जायचे आणि कोणाची अक्षरं जास्त देखणी यावरून वाद पेटायचे. घरी आली की आत्या त्या वादांच्या नकला करायची आणि माझे वडील, म्हणजे तिचा धाकटा भाऊ, हसून लोळायचे.

तिसऱ्या वर्षी ते घडलं. एका रविवारी जेवता जेवता तिचा हात ताटातच थांबला. नव्या पंपाच्या तोंडाला पाइप बसवायचा होता. तिच्या एकदम लक्षात आलं, ड्रॉइंगमध्ये त्या तोंडाच्या कडेला तिनं बोल्टसाठी आठ भोकं काढली होती आणि पाइपाला सहा. तपासणाऱ्याच्याही नजरेतून ते निसटलं होतं. ती हात धुऊन तशीच निघाली. वडील सोबतीला गेले.

रविवारीही एक पाळी चालू होती. ड्रिल मशीनवरच्या कारागिरानं तोवर दोन पंप भोकं पाडून बाजूला ठेवले होते, तिसरा मशीनवर चढवला होता. आत्यानं त्याला थांबायला सांगितलं. तो म्हणाला, साहेबांचा कागद असल्याशिवाय मी थांबत नाही. तेव्हा आत्या मशीनसमोरच्या लोखंडी पेटीवर बसली आणि वडिलांना हेड ड्राफ्ट्समनच्या घरी पिटाळलं. कारागिरानं कपाळावर हात मारला आणि मशीन बंद केलं.

हेड ड्राफ्ट्समन आले ते घरच्या चपला घालूनच. त्यांनी दोन्ही ड्रॉइंग शेजारी ठेवून पाहिली. आत्या म्हणाली, "सर, चूक माझी आहे. उद्यापासून मी येत नाही."

"बाई, असं कसं चालेल?" ते म्हणाले. "पंपाची आठ बरोबर आहेत, पण पाइपाच्या ड्रॉइंगवरची सहा उद्या कोण दुरुस्त करणार? आणि आता तपासायचं कामही तुम्हीच बघा. आपली चूक शोधत रविवारी येणारं माणूस मला दुसरं कुठं मिळणार?"

परत येताना ती रस्ताभर रडली, असं वडील सांगतात. पुढं तिच्या हाताखालून सगळ्यांची ड्रॉइंगं जाऊ लागली. लाल पेन्सिलीचा तिचा धाक असा होता, की नवी पोरं ड्रॉइंग ठेवून पळून जायची. पण चूक दाखवताना तिनं कधी आवाज चढवला नाही.

मग कॉम्प्युटर आले. पन्नाशीला टेकलेली आत्या माउस धरायला शिकली. ब्लेड न लावता रेघ पुसली जाते याचं तिला कौतुक वाटलं आणि थोडा रागही आला. बोर्ड एकेक करून खाली गेले. माणसं वेगवेगळ्या केबिनमध्ये बसू लागली, डबे आपापल्या टेबलावर उघडू लागली.

आता आत्या आमच्याकडेच असते. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर नजर पुन्हा छान झाली आहे. परवा मी विचारलं, नोकरीतलं काय सगळ्यात जास्त आठवतं? मला वाटलं, पंप म्हणेल.

"अगं, आम्ही बाराजण होतो त्या खोलीत," ती म्हणाली. "भांडलो नाही असा एक दिवस गेला नाही. आता मेलं भांडायलाही कोणी उरलं नाही."

मग बराच वेळ ती त्या बाराजणांबद्दल एकेक करून सांगत राहिली, कोणाच्या ड्रॉइंगवरचा तीन कसा वळायचा, कोणाचा सात कसा.