परिपाठाचा आवाज उतरवणाऱ्या मॅडम

कुणीही तणतणत आलं, की मॅडम पायानंच खुर्ची पुढे ढकलायच्या आणि म्हणायच्या, "पयले बसा. मंग भांडा." अर्जुनी मोरगावजवळच्या आमच्या शाळेत त्या सातवीला शिकवायच्या, मी शेजारच्या वर्गावर. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. पण आमच्या मॅडम त्या आमच्याच, हे मी ठासून सांगते!

गावानं हौसेनं शाळेला साउंड बॉक्स दिला होता. परिपाठ असा दणक्यात व्हायचा, की गावच्या बोडीपलीकडे, म्हणजे तळ्यापलीकडे ऐकू जायचा. मॅडमच्या वर्गातली एक पोरगी मात्र प्रार्थना सुरू झाली की कान दाबून पळायची. सवय व्हावी म्हणून मुख्याध्यापकांनी तिला बॉक्सला खेटूनच उभं केलं. झालं! पोरगी किंचाळत सुटली ती थेट बोडीच्या पाळीवर. मॅडम मागोमाग गेल्या आणि तिच्याजवळ नुसत्या बसून राहिल्या. ती शांत झाली, तेव्हाच दोघी परत आल्या.

दुसऱ्या दिवशी तिचा बाप आला. "लोक पोरीले येडी म्हणून राहिले. आता घरीच ठेवतो तिले."

"पयले बसा," मॅडम म्हणाल्या. "पोरगी येडी नाही. तिले मोठा आवाज सोसत नाही. गोंदियाच्या डॉक्टरले दाखवू, मी येते संगं. पण शाळा काऊन सोडवता?"

मुख्याध्यापक कुरकुरले, "एका पोरीसाठी सारी शाळा बदलायची का मॅडम?"

"हो सर. बदलायची."

अन् बदलली की! बॉक्स कपाटात गेला. परिपाठ तोंडी, हळू आवाजात होऊ लागला. पोरगी मागे आंब्याखाली उभी राहायची, फारच झालं तर वर्गात जाऊन बसायची. गंमत म्हणजे, कधी तोंड न उघडणारी दोन-तीन लेकरंही प्रार्थना म्हणू लागली. मला तर बाई, रोज ऊर भरून यायचा.

मग मॅडमची बदली आली, लांब सालेकशाकडे. एवढी खमकी बाई, पण पार ढेपाळली. "मी गेल्यावर तिले घरी बसवलं तं?" एवढंच त्यांच्या तोंडी.

निरोपाच्या दिवशी पोरगी बापाला हाताला धरून ओढतच घेऊन आली. मॅडमकडे न बघता रोखठोक म्हणाली, "तुमी जा मॅडम. मी शाळा नाही सोडत."

"नाही सोडत," बापही म्हणाला.

मॅडम आमच्या सगळ्यांसमोर ढसाढसा रडल्या. पोरगी मात्र थांबली नाही. तिचा गणिताचा तास सुरू झाला होता.