स्वतःचे गुण मागणारी सुमैरा

सुमैरा तांबोळी आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात सात वर्षं तात्पुरती होती. तात्पुरती म्हणजे दर जूनला नवा आदेश आणि एप्रिल संपला की घरी. वडील पीरमहंमद गावात शिवणकाम करायचे. मी त्याच कॉलेजात मराठी शिकवतो. पुस्तकाचं नाव अर्धवट सांगितलं तरी ती दोन मिनिटांत ते हातात आणून द्यायची. वाळवी लागलेली कपाटं रिकामी करून तिने पुस्तकांना ऊन दाखवलं आणि सगळी नोंद एकटीने संगणकावर चढवली.

मागच्या वर्षी सहायक ग्रंथपालाची कायम जागा निघाली. स्टाफरूममध्ये आम्ही तिला म्हणालो, "मॅडम, पेढ्यांचं बघा आता."

मुलाखतीला नऊ जण आले होते. व्हरांड्यात तिच्या शेजारी करण नावाचा तरुण बसला होता, नगरच्या सावेडीतला, बोलका. त्याने सहज विचारलं, "तुम्ही इथल्याच का? इथं नळाला पाणी किती दिवसांनी येतं? मी स्टँडमागं खोली घेतलीय."

"कधी घेतली?"

"परवा. साहेब म्हणाले, घेऊन ठेव."

तेवढ्यात तिला आत बोलावलं. तिघे बसले होते. लग्न ठरलंय का, ठरलं तर सासर कुठं, एवढंच विचारलं. तिनेच म्हटलं, "सर, माझ्या कामाबद्दल काही विचारायचं नाही का?"

"तुमचं काम आम्हाला माहीतच आहे," अध्यक्ष म्हणाले आणि मोबाईल उचलला.

चहाचे कप उचलायला गेलेल्या छबूबाई शिपाईणीने नंतर तिला बाजूला घेतलं. "पोरी, तू भाईर पडली अन् त्यांनी फायली बांदल्या. अजून चार जन भाईर बसल्यालं हुतं."

आठवड्याने करण रुजू झाला. निवड यादी फलकावर लागलीच नाही. प्राचार्यांनी सुमैराला बोलावून सांगितलं, "तुमचा तात्पुरता आदेश काढतो. एवढं करा, करणला महिनाभर काम शिकवा."

"गुणवत्तेवर निवडलेल्या माणसाला मी काय शिकवणार, सर? मला फक्त माझे गुण सांगा."

"ते गोपनीय असतात."

"माझे गुण माझ्यापासूनच?"

त्याच दुपारी तिने ग्रंथालयाच्या किल्ल्या परत केल्या आणि त्याची लेखी पोच घेतली. मग माहिती अधिकाराचा अर्ज लिहिला. कार्यालयातल्या आप्पासाहेबांनी तीनदा "उद्या या" म्हटल्यावर तो रजिस्टर पोस्टाने पाठवला. महिना गेला, उत्तर नाही. तिने अपील केलं. सुनावणीत ती एकटीच उभी राहिली आणि गुणतक्ता घेऊनच बाहेर आली.

प्रत्येक उमेदवाराला तिघाही परीक्षकांनी दिलेले गुण तंतोतंत जुळत होते. अक्षरही एकच. सुमैराच्या नावापुढे अनुभवाच्या रकान्यात शून्य. कारण लिहिलं होतं, अनुभवाचं प्रमाणपत्र जोडलेलं नाही. ते आमच्याच कॉलेजने द्यायचं होतं. तिने दोनदा मागितलं होतं, दोन्ही अर्जांवर आवक शिक्का होता.

तो कागद घेऊन ती माझ्या घरी आली. "सर, मी सात वर्षं इथं काम केलं, एवढं लिहून द्याल?"

माझ्या निवृत्तीला तेव्हा दीड वर्ष होतं. मी म्हणालो, "विचार करून सांगतो."

"करा विचार. मी बसते इथं."

ती खरोखरच बसली. बायकोने तिला चहा दिला, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी पेन घेतला. दुसऱ्या दिवशी छबूबाईनेही एका कागदावर अंगठा दिला. नोकरी जाईल म्हणून कोणी भीती घातली, तर म्हणाली, "जाऊ द्या. मी बगितलं त्येच सांगितलं."

सुमैराने सगळं शिक्षण खात्याकडे पाठवलं. उरलेल्या सात उमेदवारांना शोधून त्यांनाही गुणतक्त्याची प्रत धाडली. पाच जणांनी तक्रारीवर सह्या केल्या. चौकशी झाली, करणच्या नेमणुकीची मान्यता थांबली. पोरगा जाताना तिला म्हणाला, "मॅडम, मला खरंच माहीत नव्हतं." ती म्हणाली, "खोली घेतलीस तेव्हा माहीत होतं."

या मार्चमध्ये पुन्हा मुलाखती झाल्या. कशाला किती गुण ते या वेळी जाहिरातीतच छापलं होतं. संध्याकाळी यादी फलकावर लागली. सुमैरा दुसरी. पहिली आलेली बाई संगमनेरकडची होती, दोन गुणांनी पुढे.

मला फार वाईट वाटलं. एवढं करून हे! सुमैरा मात्र कार्यालयात गेली, त्या बाईची कागदपत्रं बघायला मागितली. आप्पासाहेबांनी मुकाट्याने फाईल पुढे केली. तिने पानन् पान वाचलं.

"बरोबर आहे, सर," बाहेर येऊन ती म्हणाली. "बाई माझ्यापेक्षा जास्त शिकलीय. हरले, पण कशात हरले ते कळलं."

आता ती नगरला एका अभ्यासिकेत काम करते. परवा फोन आला होता. शेवगावला एक जागा निघालीय, अर्ज भरलाय म्हणाली. "आणि तिथल्या साहेबांना आधीच विचारून ठेवलंय, यादी कुठल्या फलकावर लावणार म्हणून."